नाक्यावरची फुंक आणि बाजारातली पत

मार्च २०२३ मधली गोष्ट. रमजान तोंडावर आला होता आणि ईदच्या मालासाठी भिवंडी व मालेगावला पैसे धाडायचे होते. दरसालाप्रमाणे मी बँकेत गेलो आणि कॅश क्रेडिटची मर्यादा थोडी वाढवून मागितली. तीस वर्षांत माझा एक चेक परत गेलेला नाही, त्यामुळे हे काम चहा पिता पिता होईल अशी माझी समजूत होती. साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या नावावर एक वाहनकर्ज तीन हप्ते थकलेले दिसते."

माझ्या नावावर वाहनकर्ज नव्हतेच. मी जामीनदार होतो.

ज्याचा मी जामीनदार होतो तो माझा जुना गिऱ्हाईक. कोलाडपासून आतल्या गावांत पिकअप घेऊन फेरी करायचा. चादरी, परकर, टॉवेल, शाळेच्या गणवेशाचे कापड असा माल माझ्याकडून उधारीवर न्यायचा आणि पंधरा दिवसांनी हिशेब चुकता करायचा. साडेसहा लाखांच्या कर्जावर त्याने नवी पिकअप घेतली तेव्हा हप्ता महिना पंधरा हजारांच्या वर बसत होता. फायनान्सवाल्यांनी जामीनदार मागितला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी सही केली. तो कोणत्या समाजाचा हे मी मुद्दाम सांगत नाही. कारण ते सांगितले की निम्मे वाचक पान उलटतील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली त्या दिवसांत, हा गडी एका हळदीला गेला. तिथे जे व्हायचे ते झाले. रात्री परत येताना आंबेवाडी नाक्याच्या अलीकडे त्याने एका मोटारसायकलस्वाराला मागून धडक दिली. बिचाऱ्याचा जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांनी फुंकायला लावले, पुढे रक्ताची तपासणी झाली, आणि कायद्याने जे प्रमाण ठरवले आहे त्याच्या कितीतरी वर दारू निघाली.

हे प्रमाण किती, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे त्याबद्दल भलतेच समज आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८५ म्हणते की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर तो गुन्हा. ज्या इंग्लंडला आपले लोक मोकळाढाकळा देश समजतात तिथे ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे या बाबतीत आपला कायदा अधिक कडक. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हाच दंड दोन हजार आणि तीन हजार होता.

दुसरा गैरसमज असा, की हेल्मेटच्या चलनाप्रमाणे हेही पैसे नाक्यावर भरून मिटते. मिटत नाही. तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहावेच लागते, आणि तिथे "कबूल" म्हटले की ती शिक्षा होय, दंडाची पावती नव्हे. आमच्या गड्याने रोह्याच्या कोर्टात कबूल केले. कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड. बाहेर येऊन म्हणाला, "चाचा, सुटलो." मलाही तसेच वाटले. कबुलीचा तो कागद पुढे कुठे कुठे फिरणार आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

पहिला फटका परवान्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांना कळवले की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. पेणच्या आरटीओकडून तसा कागद आला. ज्याचे पोट गाडीच्या चाकावर आहे त्याला तीन महिने म्हणजे एक अख्खी लग्नसराई. बदली ड्रायव्हर ठेवावा तर त्याचा रोज, जेवण, आणि फेरीचे गिऱ्हाईक तोंड पाहून घेणारे, ते नव्या माणसाला उधारी कशी देणार-घेणार? आणि मुळात चालवायला गाडी कुठे होती? ती आधी पोलीस ठाण्याच्या आवारात, मग गॅरेजमध्ये.

दुसरा फटका विम्याचा, आणि खरी मेख इथेच आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजीत छापलेली विमा पॉलिसी मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. दुकानाची नाही, गोदामाची नाही, टेम्पोची तर नाहीच. एजंट सांगेल तिथे सही. या प्रकरणात मात्र माझ्या मुलाने पॉलिसी काढून एकेक ओळ मला समजावून सांगितली. त्यात स्पष्ट लिहिले आहे की विमाधारक स्वतः, किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारा माणूस दारूच्या अमलाखाली असेल तर गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळणार नाही. मालक-चालकासाठी जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, त्यालाही हीच अट. म्हणजे तो स्वतः मेला असता तरी त्याच्या बायकोच्या हाती त्यातले काही पडले नसते.

पिकअपच्या दुरुस्तीचे एक लाख ऐंशी हजार झाले. कंपनीने दावा नाकारला, सोबत कोर्टाच्या निकालाची प्रत जोडली. कोणी सल्ला दिला की ग्राहक मंचात जा. वकील म्हणाले, जाऊ शकता, पण सर्वोच्च न्यायालयाचा १२ एप्रिल २०२१ चा निकाल वाचून जा. तो निकाल दिल्लीतल्या एका पोर्शे गाडीचा आहे. डिसेंबर २००७ मध्ये इंडिया गेटजवळ ती फुटपाथवर आदळून उलटली आणि जळून गेली. गाडी एका कंपनीच्या मालकीची, विमा इफ्को टोकियोचा. त्या प्रकरणात फुंकण्याची चाचणी झालेलीच नव्हती, रक्ताचे प्रमाण नोंदलेले नव्हते. ग्राहक आयोगाने गाडीमालकाच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला आणि सांगितले की चाचणी नसली तरी इतर पुराव्यावरून दारूचा अंमल सिद्ध होऊ शकतो. जिथे चाचणी नव्हती तिथे हे घडले, मग ज्याने स्वतः कोर्टात कबूल केले आहे त्याने काय लढावे?

वाचकहो, आता हिशेब पाहा. गाडी भंगार होऊन उभी, पण कर्ज उभेच आहे. फायनान्स कंपनीचा करार गाडीशी नसतो, माणसाशी असतो. गाडी चालो वा न चालो, महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. नव्वद दिवस थकले की बँकेच्या भाषेत ते कर्ज बुडीत वर्गात जाते आणि त्याची नोंद सिबिलकडे होते.

या सिबिलबद्दल दोन शब्द. ही संस्था २००० साली स्थापन झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत आणि २००५ च्या कायद्याने त्यांचे काम चालते. तीनशे ते नऊशे या आकड्यांत त्या माणसाची पत मोजतात. उर्दूत आपण जिला साख म्हणतो, मराठीत पत म्हणतो, ती आता आकड्यात आली आहे. पूर्वी मूळजी जेठा मार्केटमध्ये आडत्या तुमच्या वडिलांचे नाव विचारायचा आणि गठडी बांधून द्यायचा. आता नाव कोणी विचारत नाही, पॅन नंबर विचारतात. एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा सिबिलच्या कागदावर लिहिलेली नसते. तिथे कोर्टाचा रकाना नाही. लोक हे ऐकून निर्धास्त होतात. पण शिक्षा पुढच्या दाराने येत नाही, ती मागच्या दाराने थकलेल्या हप्त्याच्या रूपाने येते. परवाना गेला म्हणून धंदा गेला, विमा गेला म्हणून दुरुस्ती अंगावर आली, दुरुस्ती अंगावर आली म्हणून हप्ता गेला, आणि हप्ता गेला की आकडा पडला.

आणि आकडा एकट्याचा पडत नाही. करार कायदा १८७२ चे कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्याही पत-अहवालात दिसते, थकले तर थकलेले दिसते. मी सही केली तेव्हा माझी समजूत अशी होती की आधी त्याच्याकडे जातील, त्याची गाडी विकतील, मग उरले तर माझ्याकडे येतील. तसे काही नसते. मला फायनान्सवाल्यांचा फोन आला त्या दिवशी मी पहिल्यांदा माझा अहवाल मागवला. वर्षातून एकदा तो प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून ही सोय करायला लावली आहे. आपल्या व्यापाऱ्यांपैकी किती जणांनी तो कधी मागवला असेल? मी तरी तोवर मागवला नव्हता.

तीन हप्ते मी भरले. सत्तेचाळीस हजार, दंडव्याजासकट. तेव्हा कुठे बँकेत माझे काम पुढे सरकले, पण ईद होऊन गेल्यावर. त्या सालात भिवंडीचा माल मी दुसऱ्याकडून हातउसने घेऊन भरला. माझा राग दारूवर होता की गड्यावर की स्वतःच्या सहीवर, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. ज्याचा पाय गेला त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला, आणि करायलाच हवा होता. तो हातावर पोट असलेला माणूस, त्याच्या घरात दुसरा कमावणारा नव्हता. २०२५ मध्ये निकाल लागला: सहा लाख ऐंशी हजार आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. तिसऱ्या पक्षाचा विमा असतो ना, असे तुम्ही म्हणाल. असतो. पण १ एप्रिल २०२२ पासून कायद्याचे नवे कलम १५० लागू झाले आहे आणि त्यात विमा कंपनीला बचाव घेता येईल अशा कारणांमध्ये दारूच्या अमलाखाली गाडी चालवणे शब्दशः घातले आहे. जखमीने उपाशी मरू नये म्हणून न्यायालये कंपनीला सांगतात, आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ च्या आरंभी अशाच एका प्रकरणात हेच सांगितले. आमच्याकडेही तोच हुकूम झाला. वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही, त्याच निकालावर वसुली मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ते २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. आणि कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे गेला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला फोड करून सांगायला नको. गड्याच्या वाट्याला बापाची थोडी भातशेती आहे. आता सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढण्याची वेळ आली आहे. बोजा चढला की सोसायटीचे पीककर्ज अडते, भावांचे वाटप अडते, आणि पुढे मुलीच्या लग्नाला तुकडा विकावा म्हटले तर तेही अडते. एका रात्रीच्या दोन-चार ग्लासांचा हिशेब वडिलांच्या जमिनीपर्यंत येतो.

आता कोणी म्हणेल, आपल्या समाजाला याचे काय? आपल्यात दारू हराम आहे. मला हे ऐकून हसू येते आणि वाईटही वाटते. मी त्या तारखांना कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो आहे आणि शिपाई पुकारत होता ती नावे ऐकली आहेत. त्यांत आपली नावे नव्हती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि समजा आपण थेंब घेत नाही, तरी आपल्या दुकानाचा टेम्पो चालवणारा ड्रायव्हर? टेम्पो आपल्या नावावर असला तर भरपाईच्या दाव्यात ड्रायव्हर आणि मालक दोघांना एकत्र उभे करतात. ड्रायव्हरकडे काय असते? अंगावरचा शर्ट. शेवटी हात मालकाच्या खिशातच जातो. पॉलिसीतले "माहितीने आणि संमतीने" हे शब्द मालकाला थोडे वाचवू शकतात, पण ज्या ड्रायव्हरच्या तोंडाला रोज संध्याकाळी वास येतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, त्याच्याबद्दल मालकाने "मला माहीत नव्हते" म्हणणे कोण मानणार? आमच्यातले काही घाऊकवाले तर रात्रीची गाडी वेळेत पोचावी म्हणून ड्रायव्हरला "खर्चाला" वेगळे पैसे देतात आणि ते कशावर खर्च होतात याकडे डोळेझाक करतात. ते स्वतः पाच वक्ताचे नमाजी. मी नाव घेत नाही.

गल्फचा मुद्दाही आहे. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, महाड इकडच्या कितीतरी घरांत चूल तिथल्या पैशावर पेटते, आणि त्यातले बरेचजण ड्रायव्हरच आहेत. इकडे फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट नाकारता येतो; मग कोर्टाची परवानगी आणण्यासाठी चकरा. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला मागितला तर त्यात खटला लपत नाही. आणि तिकडे गेल्यावर? संयुक्त अरब अमिरातीत मार्च २०२५ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्यात दारू पिऊन गाडी चालवल्यास कैद आणि वीस हजार ते एक लाख दिरहम दंड किंवा यांपैकी एक, शिवाय परवाना निलंबित. साध्या ड्रायव्हरची कित्येक महिन्यांची कमाई झाली ती. इंग्लंडमध्ये तर किमान बारा महिने गाडीला हात लावता येत नाही आणि परवान्यावर ही नोंद अकरा वर्षे राहते. विमा कंपन्या पाच वर्षांपर्यंतची शिक्षा विचारून हप्ता चढवतात.

आपल्याकडे हप्ता चढवण्याची पद्धत यावी, असे विमा प्राधिकरणाच्या एका गटाने जानेवारी २०२१ मध्ये सुचवले होते. वाहतुकीच्या प्रत्येक गुन्ह्याला गुण, आणि दारू पिऊन चालवण्याला सर्वांत जास्त, शंभर. माझ्या मते ही सूचना न्यायाची आहे, कारण आज सगळा भार अपघातानंतर एकदम कोसळतो. आधी दोनदा सापडलेल्याला विमा महाग पडला असता तर तिसऱ्यांदा तो कदाचित हळदीहून चालत आला असता.

न्यायाचा आणखी एक प्रश्न मला छळतो. कोलाडला आता कुंडलिकेवर राफ्टिंग आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी पाणी सुटते आणि मुंबई-पुण्याची माणसे होड्या घेऊन उतरतात. त्यामुळे इथल्या पोरांना रोजगार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण शनिवारच्या रात्री रिसॉर्टमधून ज्या गाड्या हायवेवर येतात, त्यातल्या माणसाला दहा हजार दंड म्हणजे एका रात्रीच्या खोलीचे भाडे. आमच्या गड्याला तोच दंड म्हणजे हप्त्याचा दोन तृतीयांश. कायद्याने दोघांना एकाच तागडीत तोलले, पण मापे दोन आहेत. पैसेवाला वकील लावतो, तारखा घेतो, कबूल करत नाही. गरीब पहिल्याच तारखेला कबूल करून मोकळा होतो आणि मग वर सांगितलेल्या सगळ्या फेऱ्यात अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतच्या ५०० मीटरमधील दारूची दुकाने बंद करायला सांगितली, नंतर लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले, शहरी हद्दीला सूट मिळाली. दुकान मागे सरकले, पिणारा मागे सरकला नाही.

तरी पैशाने सगळे सुटते असेही नाही. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात दारू निघाली. खालच्या कोर्टाने सहा महिने आणि पाच लाख दंड दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम ठेवली. पाच लाख तिथे लगेच निघाले असतील. तीन वर्षे मात्र पैशाने भरता आली नाहीत.

माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो की जामिनाची सही करण्याआधी फक्त घर-जमीन पाहू नका, माणूस संध्याकाळी कुठे बसतो तेही पाहा. आपल्या टेम्पोची पॉलिसी कोणाकडून तरी मराठीत किंवा उर्दूत वाचून घ्या. आणि हप्ता थकायची वेळ आली तर तिसरा महिना उजाडायच्या आत फायनान्सवाल्यांसमोर जाऊन बसा, कारण नव्वद दिवसांपूर्वी ते ऐकतात, नंतर फक्त वसुलीवाला येतो. कोणी "सेटलमेंट" करून देतो म्हणाला तर विचार करा. कर्ज थोडक्यात मिटते, पण अहवालात ते पूर्ण फेडलेले दिसत नाही, तडजोडीत मिटवलेले दिसते, आणि पुढची बँक ते वाचते.

गड्याची पिकअप शेवटी फायनान्सवाल्यांनी नेली आणि विकली. फरक उरला तो अर्धा त्याने, अर्धा मी भरला. वर्षभर तो दुकानाकडे फिरकला नाही. मग एक दिवस एसटीने आला, रिकामी पिशवी घेऊन. पेढीवरच्या पोराने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, पाच हजारांचा माल दे, पंधरा दिवसांच्या बोलीवर. सोळाव्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो पायरीवर बसलेला होता. चार हजार आठशे आणले होते. दोनशे पुढच्या खेपेला, म्हणाला. वहीत तसे लिहून घेतले.